पिवळा दिवा विझत नाही तेव्हा

(पेठ तालुक्यातील बचत गटांच्या समन्वयक ताईंनी सामुदायिक रेडिओवर केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, ताई, हा काय बायांचा विषय आहे का? मी म्हणते, आहे. पूर्वी आपल्या गटांचे कर्ज शेळ्या, शिलाई मशीन, पिठाची गिरणी यांत जायचे. आता काही गटांनी, काही घरांनी प्रवासी गाडी घेतली आहे. २०१७ साली केंद्र सरकारने आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना सुरू केली. जिथे एसटी क्वचित येते अशा गावांत बचत गटाच्या सदस्यांनीच प्रवासी गाडी चालवावी, असा तिचा हेतू. गाडी योजनेतून आलेली असो, बँकेच्या कर्जातून असो, नाहीतर नवऱ्याच्या नावावर असो, हप्ता आपल्याच घरातून जातो. म्हणून गाडी बिघडली की तो आपल्या हिशेबाचा विषय होतो.

आणि नुसता पैशाचाही नाही. पेठहून नाशिक सुमारे ५५ किलोमीटर. मध्ये कोटंबीचा घाट, सावळ घाट. रात्री कळा सुरू झालेल्या बाईला सिव्हिलला न्यायचे असेल तेव्हा गाडी दारात असून उपयोग नाही, ती पावसात घाट उतरेल असा भरवसा हवा.

आज मी एकाच दिव्याबद्दल बोलणार आहे. डॅशबोर्डवर, म्हणजे स्टिअरिंगच्या समोर जिथे वेगाचा काटा असतो तिथे, हा पिवळा दिवा असतो. गाडीचे मागून काढलेले छोटे चित्र आणि खाली दोन नागमोडी रेघा. हा ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा. काही गाड्यांत तिथे ईएसपी किंवा टीसी अशी इंग्रजी अक्षरे असतात. जुन्या जीपला हा दिवा नसतो. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांना असतो. तो लागला आणि विझेना झाला की बायका घाबरतात, पुरुष म्हणतात राहू दे, आणि गॅरेजवाला मोठे बिल सांगतो. या तिन्हींच्या मधला रस्ता आज बघू.

हे यंत्र करते काय?

आधी त्याचे काम समजून घेऊ. भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टर रुतलेला तुम्ही पाहिला आहे. एक चाक गरगर फिरते, चिखल उडवते, आणि दुसरे चाक कोरड्या जागी असूनही हलत नाही. असे का होते? इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारी जी पेटी असते, तिच्यात ताकद सोप्या वाटेने निघून जाते. जे चाक घसरते ते फिरवायला सोपे, म्हणून फेरे सगळे त्यालाच मिळतात. ट्रॅक्टरला यासाठी पायाने दाबायचे लॉक असते. ते दाबले की दोन्ही चाके बरोबर फिरतात आणि ट्रॅक्टर निघतो.

मोटारीत हे काम ट्रॅक्शन कंट्रोल करते. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा जोरात फिरायला लागले की गाडीतला छोटा संगणक त्या एकाच चाकाला हलका ब्रेक लावतो आणि इंजिनाची ताकद थोडी कमी करतो. मग ताकद दुसऱ्या चाकाकडे जाते, गाडी वाकडी न होता पुढे सरकते. हे सगळे डोळ्याची पापणी लवायच्या आत होते, चालवणारीला काही करावे लागत नाही.

याच्याच घरातली आणखी दोन यंत्रे आहेत. जोरात ब्रेक मारला तर चाक अडकून घसरू नये म्हणून एबीएस असते. वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून ईएसपी असते. तिघांचा पंप एकच, तिघांच्या वायरी त्याच. जर्मनीच्या बॉश कंपनीने मोटारींसाठी १९७८ साली एबीएस, १९८६ साली ट्रॅक्शन कंट्रोल आणि १९९५ साली ईएसपी बाजारात आणले. बॉश हे नाव परके वाटेल. पण नाशिकचे मायको सर्कल आपल्याला माहीत आहे ना? ती मायको म्हणजे बॉशचीच भारतातली कंपनी. २००८ साली तिचे नाव बदलून बॉश झाले. भारतात एप्रिल २०१९ पासून विकायच्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. म्हणजे चाकाचा वेग मोजणाऱ्या वायरी आता साध्या गाडीतही आल्या आहेत.

गाडीचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. चाक घसरते आहे हे संगणकाला कळते कसे?

प्रत्येक चाकाच्या आत, हबजवळ, बोटाएवढा एक सेन्सर असतो. त्याच्यासमोर दाते असलेली लोखंडी कडी किंवा चुंबकाची पट्टी चाकाबरोबर फिरते. दर दात्याला सेन्सर एक खूण पाठवतो. समजा कडीला ४८ दाते आहेत, तर चाकाच्या एका फेऱ्याला ४८ खुणा. संगणक चारही चाकांच्या खुणा सतत मोजतो आणि एकमेकांशी ताडून बघतो. शिवाय स्टिअरिंग किती वळले आहे, ब्रेकवर पाय आहे का, इंजिन ठीक चालते आहे का, हेही तो विचारत असतो.

आपल्या गटाच्या मासिक बैठकीसारखेच हे आहे. प्रत्येकीच्या पासबुकातली नोंद आणि रजिस्टरची नोंद जुळली तर कर्जाचा निर्णय होतो. एकीची नोंद जुळली नाही तर अध्यक्ष म्हणते, आधी हिशेब जुळवा, मग पुढचे बोलू. पैसे गेले असे ती म्हणत नाही. कदाचित एखादा आकडा चुकीचा उतरवला असेल, कदाचित पासबुक घरी राहिले असेल.

पिवळा दिवा हेच सांगतो: माझा हिशेब जुळत नाही, म्हणून मी काम थांबवले आहे. कुठला भाग खराब झाला हे दिवा सांगत नाही. दिवा बघून कुणी “पंप गेला” म्हणाले, तर ते रजिस्टर न उघडता चोरीचा आळ घेण्यासारखे आहे.

दिव्याची भाषा

हा दिवा तीन प्रकारे लागतो, आणि तिन्हींचा अर्थ वेगळा.

पहिला प्रकार: ओल्या चढावर, चिखलात दिवा दोन-चार वेळा लुकलुकतो आणि जातो. हा बिघाड नाही. यंत्र काम करते आहे, रस्ता निसरडा आहे, एवढाच निरोप. ॲक्सिलेटर हलका करा.

दुसरा प्रकार: दिव्याबरोबर ‘ऑफ’ असे अक्षर दिसते. बहुतेक वेळा कुणीतरी बटण दाबलेले असते. पोराने दाबले असेल, पुसताना हात लागला असेल. बटण पुन्हा दाबा किंवा थोडा वेळ दाबून धरा. काही वेळा आपण मुद्दाम बंद करतो. गाडी चिखलात पूर्ण रुतली असेल तर चाक थोडे फिरू द्यावे लागते, तेव्हा बंद करून गाडी काढतात. गाडी बाहेर आली की लगेच चालू करायचे.

तिसरा प्रकार: दिवा लागतो आणि तसाच राहतो. गाडी बंद करून चावी पुन्हा लावली तर कधी जातो, पण थोड्या वेळाने परत येतो. हा खरा बिघाड, आणि यातच लोक सर्वांत जास्त पैसे घालवतात.

रस्त्यात असे झाले तर काय करायचे? फक्त हा एकच पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक चालू आहेत, गाडी चालवता येते. फक्त मदत करणारा हात गेला आहे हे लक्षात ठेवा. वेग कमी, पुढच्या गाडीपासून अंतर जास्त, घाटात खालचा गिअर. सोबत एबीएसचाही पिवळा दिवा असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर चाके अडकून गाडी घसरू शकते, म्हणून आणखी जपून. पण लाल रंगाचा ब्रेकचा दिवा लागला आणि हँडब्रेक सोडूनही तो जात नसेल, तर गाडी कडेला घ्या आणि थांबवा. ब्रेक ऑइल गळत असण्याची शक्यता असते. भाडे बुडले तरी चालेल, लाल दिव्यावर घाट उतरायचा नाही.

एका वहीने काय केले

आमच्या एका गटाच्या गाडीचे सांगते. सात जणांची, जुनी घेतलेली गाडी. चालवणारी गटाचीच सदस्य, तिने रीतसर परवाना काढलेला. पावसाळ्यात हा दिवा लागायला लागला. चावी बंद करून लावली की जायचा, पुन्हा यायचा. एका गॅरेजवाल्याने गाडीखाली नजर टाकली आणि सांगितले, एबीएसचा पंप बदलावा लागेल. आकडा गाडीच्या तीन हप्त्यांएवढा होता. गटात दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, पैसे उचला आणि करून टाका, जिवाशी खेळ नको. काही म्हणाल्या, गाडी चालते आहे ना, दिवाळीपर्यंत चालू दे. दोघींचेही चुकीचे नव्हते. पैसा खरा, आणि घाटही खरा.

मग एक गोष्ट ठरली. पंधरा दिवस वही ठेवायची. गाडीत एक वही आणि पेन. दिवा लागला की त्या फेरीनंतर लिहायचे: तारीख, कुठल्या ठिकाणी लागला, पाऊस होता का, माणसे किती, चढ की उतार की वळण. आपल्याला रजिस्टर लिहायची सवय आहेच, यात नवे काही शिकायचे नव्हते.

पंधरा दिवसांनी बैठकीत वही वाचली. पाऊस असताना दिवा लागला होता, नसतानाही लागला होता. गाडी भरलेली असताना लागला होता, रिकामी असतानाही. पण एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक नोंदीत होती. दिवा उजवीकडच्या मोठ्या वळणावर, नाहीतर गाडी उजवीकडे पूर्ण वळवून उलटी फिरवताना लागला होता. सरळ रस्त्यावर एकदाही नाही.

ती वही घेऊन चालवणारी आणि आणखी दोघी दुसऱ्या गॅरेजात गेल्या. त्यांच्याकडे एबीएसचे कोड वाचणारा स्कॅनर होता. कोड आला पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा, की त्याची खूण मध्येच तुटते. मेकॅनिक दादाने गाडी जॅकवर घेतली, चाक हाताने फिरवले. स्क्रीनवर त्या चाकाचा वेग दिसत होता. मग स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवून पुन्हा चाक फिरवले, तर आकडा शून्य. पुढचे चाक वळते तशी त्याच्या सेन्सरची वायरही वाकते आणि ताणते. ती वायर वरून धड दिसत होती, पण आतली तार तुटली होती. सरळ असताना टोके एकमेकांना टेकायची, वळवले की सुटायची. वायरीसकट सेन्सर बदलला. खर्च पंपाच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्यालाही पोचला नाही.

पंप चांगला होता. तो बदलला असता तरी दिवा पुढच्याच उजव्या वळणावर लागला असता, आणि हप्ते गेले असते ते वेगळेच.

आधी स्वस्त, मग महाग

आता क्रम सांगते. हा क्रम लिहून घ्या. जे बघायला पैसे लागत नाहीत ते आधी, महागाचे शेवटी.

एक, टायर. चारही टायरांची हवा सारखी आहे का? दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत लिहिली असते तेवढी आहे का? मग टायरच्या बाजूवरचा नंबर वाचा. उदाहरणार्थ १८५/६५ आर १५. पहिला आकडा रुंदी, दुसरा उंचीचे प्रमाण, शेवटचा रिमचे माप. चारही टायरांवर नंबर एकच हवा. पंक्चरवाला कधी म्हणतो, १७५ बसतो की! बसतो खरा, रिम तेच आहे. पण हिशेब करून बघा. १८५/६५ आर १५ चे चाक एका किलोमीटरला सुमारे ५१२ फेरे घेते, आणि १७५/६५ आर १५ चे सुमारे ५२३. दर किलोमीटरला ११ फेऱ्यांचा फरक. संगणकाला वाटते, हे एक चाक सारखे घसरते आहे. एवढ्या फरकावर प्रत्येक गाडी तक्रार करते असे नाही, पण त्यात एक टायर कोरा आणि बाकीचे झिजलेले असले, हवा कमी असली, तर फरक वाढत जातो. म्हणून टायर बदलायचे तर एका दांडीवरचे दोन्ही एकदम बदला. काही गाड्यांची स्टेपनी मुद्दाम लहान मापाची असते. ती लावल्यावर दिवा लागू शकतो. पंक्चर काढून मूळ चाक लवकर लावा.

दोन, ब्रेकचे मागचे दिवे. एकीने ब्रेक दाबायचा, दुसरीने मागे उभे राहून बघायचे. दिवे लागतात का, आणि पाय काढल्यावर विझतात का? पेडलच्या वर एक छोटे स्विच असते. ते बिघडले की संगणकाला वाटते पाय सतत ब्रेकवर आहे, किंवा कधीच नाही. हे स्विच स्वस्त असते, आणि त्याच्यामुळे हा दिवा लागल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

तीन, बॅटरी. सकाळी गाडी रडत रडत सुरू होते का? सुरू होताना वीज खूप खाली गेली तर संगणक गोंधळतो आणि दिवा लावतो. गाडी बंद असताना बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्ट दाखवायला हवी. कुठलाही बॅटरीवाला हे मोजून देतो. टोकांवर पांढरी बुरशी साचली असेल तर ती साफ करून घ्या. बॅटरी काढून लावल्यावर काही गाड्यांत स्टिअरिंगची सरळ जागा संगणक विसरतो. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवा आणि थोडे अंतर सरळ चालवा, पुष्कळदा दिवा आपोआप जातो.

चार, दुसरा कुठला दिवा लागला आहे का? इंजिनाचा पिवळा दिवाही लागला असेल तर आधी इंजिनाचे बघा. चाक घसरले तर ट्रॅक्शन कंट्रोलला इंजिनाची ताकद कमी करावी लागते. इंजिनच आजारी असेल तर ते स्वतःहून काम थांबवते. इंजिन दुरुस्त झाले की दोन्ही दिवे जातात.

पाच, चाकांच्या आतल्या वायरी. हे काम मेकॅनिकसमोर करा. आपल्याकडची तांबडी माती चाकाच्या आत थापली जाते आणि वाळली की दगडासारखी होते. त्यात ब्रेकच्या घासण्याने निघालेला लोखंडाचा भुगा सेन्सरला चिकटतो, कारण तिथे चुंबक असते. पुष्कळदा सेन्सर पुसून, दातेरी कडी साफ करून दिवा जातो. गंजून अडकलेला सेन्सर मात्र ओढून काढू नका, तो मोडतो. पाण्याचा जोरदार पंप थेट चाकाच्या आत मारू नका. आणि उंदीर! भात घरात आले की उंदीर वाढतात, आणि रात्री उबेला गाडीत शिरून वायरी कुरतडतात. गाडी भाताच्या कणगीजवळ लावू नका.

सहा, दातेरी कडी आणि बेअरिंग. कडी गंजून तडकली असेल तर एक खूण चुकते. बेअरिंग ढिले झाले असेल तर चाक डुगडुगते, घूं घूं आवाज येतो, आणि सेन्सरचे अंतर बदलते. हे काम थोडे खर्चाचे आहे, पण पंपाएवढे नाही.

सात, आणि सर्वांत शेवटी, पंप आणि त्याचा संगणक. तोही बिघडतो, नाही असे नाही. पण वरचे सहाही तपासून झाल्यावरच त्याचे नाव घ्यायचे.

गॅरेजात काय विचारायचे

गॅरेजात बाई गेली की मेकॅनिक तिच्या नवऱ्याशी, नाहीतर सोबतच्या कुठल्याही पुरुषाशी बोलतो, हे तुम्हीही पाहिले असेल. त्यावर भांडण नको. चार प्रश्न विचारा, तो आपोआप तुमच्याशी बोलायला लागेल.

पहिला प्रश्न: दादा, कोड कुठला आला? नंबर वहीत लिहून द्या. चाक आणि ब्रेकच्या यंत्रणेचे कोड बहुधा ‘सी’ या अक्षराने सुरू होतात. उदाहरणार्थ सी-००३५ हा पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा सर्वसाधारण कोड आहे. कंपनीप्रमाणे नंबर बदलतात, म्हणून पाठ करायची गरज नाही, फक्त लिहून घ्या. मोबाइलला जोडायचे स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात. तेव्हा ‘कोड काहीच नाही’ असे उत्तर आले तर विचारा, तुमचा स्कॅनर एबीएसचे कोड वाचतो का?

दुसरा प्रश्न: गाडी चालताना चारही चाकांचा वेग स्क्रीनवर दाखवाल का? सरळ रस्त्यावर चारही आकडे सारखे हवेत. जे चाक वेगळे बोलते, त्याच चाकात बघायचे.

तिसरा प्रश्न: भाग खराब आहे हे कशावरून? कोड हा पत्ता असतो. त्या पत्त्यावर सेन्सर राहतो, वायर राहते, कनेक्टर राहतो, दातेरी कडी राहते. कोड आला म्हणून सेन्सर बदलायचा नाही, आधी वायर आणि कनेक्टर हलवून बघायचे.

चौथा प्रश्न: खर्च लिहून द्याल का, आणि काढलेला जुना भाग परत द्याल का? चांगला मेकॅनिक याला नाही म्हणत नाही.

काही जण म्हणतात, कोड पुसून देतो, दिवा जाईल. दुरुस्तीनंतर कोड पुसणे बरोबर आहे. दुरुस्ती न करता पुसणे म्हणजे थकबाकीदाराचे नाव रजिस्टरमधून खोडणे. बाकी तिथेच राहते. दुरुस्ती झाल्यावर पैसे देण्याआधी गाडीची एक फेरी मारा. पुष्कळ गाड्यांत थोडे अंतर चालवल्यावर यंत्र स्वतःची तपासणी करते, मग दिवा जातो. ज्या परिस्थितीत दिवा लागायचा, तीच परिस्थिती पुन्हा करून बघा. वळणावर लागत असेल तर वळणावर, भरलेल्या गाडीत लागत असेल तर माणसे बसवून.

जुनी गाडी घेताना

शेवटची एक गोष्ट, ज्या गटांनी जुनी गाडी घ्यायचे ठरवले आहे त्यांच्यासाठी. चावी लावा, पण गाडी सुरू करू नका. डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम लागायला हवेत. नंतर गाडी सुरू केली की थोड्या वेळात एकेक करून विझायला हवेत. गाडीला ट्रॅक्शन कंट्रोलचे बटण आहे, पण चावी लावल्यावर त्याचा दिवा लागतच नाही, तर समजा की कुणीतरी दिवाच काढला आहे किंवा वर काळी पट्टी चिकटवली आहे. ती गाडी पैसे देण्याआधी स्कॅनरला लावा. न लागणारा दिवा हा न विझणाऱ्या दिव्यापेक्षा जास्त फसवतो.

पुढच्या बैठकीत, ज्या गटाकडे गाडी आहे त्यांनी एक ठराव करा. गाडीत वही राहील, चालवणारी लिहील, आणि दर महिन्याला बचतीच्या हिशेबाबरोबर गाडीची वहीही वाचली जाईल. टायरची हवा, टायरचे नंबर, कुठला दिवा कधी लागला, गॅरेजात किती गेले. वहीला खर्च एका चहाचा. पावसाळा तोंडावर आला की बैठकीच्या दिवशी गाडी अंगणात उभी करा, एकीने ब्रेक दाबा, दुसरीने मागे बघा, तिसरीने टायरचे नंबर वाचा. ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांनाही एवढे जमते.

करंजाळीपासून जोगमोडीपर्यंत जिथे कुठे तुम्ही ऐकत असाल, तुमच्या गाडीचा काही अनुभव असेल तर आपल्या रेडिओला कळवा. तो इथे सगळ्यांना सांगू. घाटात जपून जा, मैत्रिणींनो. नमस्कार.